मोज्यातल्या तीन पिना

आमच्या सोसायटीच्या दिवाळी अंकवाल्या बाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "काका, तुम्ही एकाहत्तरच्या लढाईत बॉम्ब टाकणाऱ्या विमानात होतात म्हणे. शौर्याचं काहीतरी लिहून द्या ना." मी लगेच हो म्हटलं. एरवी कुठल्याही गोष्टीला आधी नाही म्हणायचं ही माझी जुनी खोड. पण शौर्य हा शब्द कोणी माझ्यासमोर काढला की माझी छाती आपोआप पुढे येते आणि डोकं मागे राहतं. त्या डोकं मागे राहण्याचीच ही हकीकत आहे. शौर्य सापडलं तर बाईंनी काढून घ्यावं.

शिक्षण सातवी, तीही दुसऱ्या खेपेला. ऱ्हस्व-दीर्घ सूनबाईने तपासलंय. मजकुराला हात लावायचा नाही अशी तिला ताकीद आहे.

मी कुळगावचा. आज जिथे आमची सात मजल्यांची बिल्डिंग आहे तिथून हाकेच्या अंतरावर आमचं भाताचं खाचर होतं. नोकरीआधी डोक्यावर पाटी घेऊन उल्हासनगरच्या सिंधी निर्वासितांच्या कॅम्पात भाजी विकायचो. मग विमानदलात लागलो. लोकांना वाटतं विमानदलात लागला म्हणजे पायलट. मी ते वाटणं कधी खोडून काढलं नाही. खरं म्हणजे मी लास्कर होतो. लास्कर म्हणजे विमानतळावरचा उचल-ठेव करणारा माणूस. तंबू उभारा, पिंपं ढकला, साहेबाचं कपाट वरच्या मजल्यावर न्या. सरकारी भाषेत आमच्या पूर्ण वर्गाला 'न लढणारे' म्हणायचे. हा शब्द मला पहिल्या दिवसापासून खडा लागल्यासारखा लागायचा.

आता मालवाहू विमानाने बॉम्ब कसे टाकतात ते सांगतो, कारण पुढचं त्यावर आहे. आमचं विमान मूळचं सामान वाहायचं. पोट मोठं आणि मागे दार. लढाई लागली तेव्हा कोणाच्या तरी डोक्यात आलं की सामान नेता येतं तर बॉम्बही नेता येतील. विमानाच्या पोटात जमिनीवर लोखंडी रोलर बसवले, रोलरवर लाकडी फळ्या, फळ्यांवर बॉम्ब दोराने बांधलेले. वरून पायलट हिरवा दिवा लावणार, मागचं दार उघडं, आणि आम्ही दोर सोडून ढकलायचं. संपलं. यंत्र म्हणाल तर माणसाचे खांदे. खांदेवाली माणसं कमी पडली म्हणून माझा नंबर लागला.

प्रत्येक बॉम्बला एक पिन असते. ती आत असेपर्यंत बॉम्ब म्हणजे नुसता लोखंडाचा ठोकळा. पिनेला लाल फडक्याची शेपटी, म्हणजे राहिली तर दिसावी. ढकलण्याआधी पिन उपसायची आणि जपून परत आणायची. परत आल्यावर सार्जंट हात पुढे करणार. पिन दाखवली नाहीस तर त्याचा अर्थ एकच, बॉम्ब पिनेसकट टाकलास, म्हणजे एवढ्या लांब जाऊन शत्रूच्या शेतात भंगार टाकून आलास. पिन हरवणं हे आमच्यात सगळ्यात मोठं पाप. हे ध्यानात ठेवा.

आमचा सार्जंट बलबीर, पंजाबी, दरवाजाएवढा. पहिल्या फेरीला हिरवा दिवा लागला आणि मी अशी ताकद लावली की बॉम्ब गेला आणि त्याच्या मागोमाग मीही निघालो. कमरेला पट्टा होता, तो जमिनीच्या कडीत अडकवलेला, म्हणून वाचलो. अर्धा आत, अर्धा आभाळात. बलबीरने मानगुटीला धरून आत ओढलं आणि कानाशी ओरडला, "ओए बाळाराम, तुझे नहीं गिराना था." पुढे सगळ्या युनिटात मला 'बिनपिनेचा' म्हणायला लागले.

खाली बॉम्ब कुठे पडले ते मी एकदाही बघितलं नाही. दारातून काळोख दिसायचा, मग लाल ठिपके, आणि विमान वळायचं. त्या वयात वाटायचं की आपण काय मर्दासारखं काम करतोय. आता चांगली झोप लागत नाही तेव्हा वाटतं, त्या ठिपक्यांत कोणाची माणसं होती. ह्याच्यापुढे मला ह्यावर लिहिता येत नाही.

त्याच दिवसांत माझं लग्न ठरलेलं होतं. मुलगी अंबरनाथ गावातली, हिरा. तिचे वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात टर्नर. मी त्यांना मामा म्हणायचो, ते मला काहीच म्हणायचे नाहीत. साखरपुड्याला त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, "विमानात नक्की काय करतोस?" मी म्हटलं, "लढतो." ते हूं म्हणाले. ते हूं माझ्या डोक्यात राहिलं. माघात लग्न होतं. मी ठरवलं की परत गेलो की पिना न्यायच्या आणि हिरासमोर ठेवायच्या. म्हणजे बाप हूं करत बसला तरी पोरीला कळेल की नवरा काय चीज आहे.

शेवटच्या फेरीला बॉम्ब टाकून वळलो आणि खालून काहीतरी लागलं. एक इंजिन गेलं, दुसरं धूर ओकायला लागलं. वर ढग. नकाशा बघणारे सुब्बूसाहेब, तमिळ, एकदम सोवळे, ते पेन्सिल चावत म्हणाले की आपण नेमके कुठे आहोत हे सांगता येत नाही, पण कुठे नाही आहोत हे सांगू शकतो. मोठे साहेब, म्हणजे आमचे पायलट, शांत माणूस. उजाडता उजाडता त्यांना जंगलात एक जुनी धावपट्टी दिसली, गवत वाढलेली. त्यावर त्यांनी विमान असं उतरवलं की एक चाक मोडलं पण माणूस कोणी मोडला नाही.

तो शेजारचा देश होता. त्याचं नाव मी लिहीत नाही. परत आल्यावर बोलू नका म्हणून सांगितलं होतं, आणि नंतर बोलायला हरकत नाही असं सांगायला कोणी आलं नाही. तो देश लढाईत पडलेला नव्हता, ना आमच्या बाजूने ना त्यांच्या. अशा देशाचा कायदा असा की लढणारं कोणी येऊन पडलं तर त्याला लढाई संपेपर्यंत, आणि वरून हुकूम येईपर्यंत, अडकवून ठेवायचं. मारायचं नाही, छळायचं नाही, फक्त सोडायचं नाही.

मोठ्या साहेबांनी आम्हा सगळ्यांना पंखाखाली जमवलं. "ऐका. हे मालवाहू विमान आहे. आपण ब्लँकेटं टाकायला निघालो होतो, वाट चुकलो. जे काही बॉम्बचं असेल ते आत्ता ओढ्यात." बलबीरने आपल्याकडच्या सगळ्या पिना ओढ्यात भिरकावल्या. मी माझ्या तीन पिना मोज्यात सारल्या. एक तर पिन हरवायची नाही हे हाडात भिनलेलं. दुसरं म्हणजे हिरा.

दुपारी त्यांचे मेजर आले. बारीक चणीचा, सर्दी झालेला माणूस, गळ्यात मफलर. सोबत बाजारातला एक दुकानदार दुभाषी म्हणून आणला होता. तो निघाला सिंधी. जेठानंद त्याचं नाव. फाळणीनंतर फिरत फिरत तिकडे जाऊन कापडाचं दुकान टाकलेला. मी कुळगावचा म्हटल्यावर त्याचा चेहराच उजळला. "कुळगाव? वडी साईं, मेरा सगा भाई उल्हासनगर में है, कॅम्प तीन में." मी म्हटलं, "कॅम्प तीनमध्ये मी रोज भाजी विकली आहे." आमची दोघांची गाडी कॅम्प तीनच्या बाजारात अशी शिरली की मेजर खोकून खोकून थकला.

मेजरने विमानात डोकावून रोलर बघितले. साहेब म्हणाले, "ब्लँकेटं जड असतात." मेजरने मान डोलावली. मला आता कळतं की त्याला सगळं समजत होतं. पण आमच्यासारखे पाहुणे पोसायची त्याला हौस नव्हती. चार दिवसांत चाक बसवा, इंजिनं ठीक करा, तेल घ्या आणि सर्दी वाढायच्या आत निघा, एवढंच त्याला हवं होतं. मग त्याने माझ्याकडे बोट केलं. हा कोण? साहेब इंग्रजीत काहीतरी बोलले. त्यातला एक शब्द मला नीट समजला, कुली.

तिथे माझं डोकं फिरलं.

मी पुढे झालो. "कुली कोणाला म्हणता साहेब?" साहेब डोळ्यांनी गप बस म्हणत होते. बलबीर माझा शर्ट मागून ओढत होता. मी वाकलो, मोज्यात हात घातला आणि तीन पिना मेजरच्या समोर धरल्या. लाल शेपट्या वाऱ्यावर फडफडत होत्या. "जेठानंदभाई, सांगा ह्यांना. हे ब्लँकेटाचं काम नाही. हे मी स्वतः केलंय."

जेठानंद माझ्याकडे बघत राहिला. "वडी, ये भी बोलूं?" त्याने मला विचारलं. मी म्हटलं, "हेच बोला."

तो बोललाच. मेजरने पिना हातात घेतल्या, नाक पुसलं, आणि मोठ्या साहेबांकडे असं बघितलं, जसं एका घरातला थोरला माणूस दुसऱ्या घरातल्या थोरल्या माणसाकडे पोरांवरून बघतो. साहेब म्हणाले, "सॉरी, मेजर." मेजर म्हणाला, "आय ॲम ऑल्सो सॉरी." एवढं इंग्रजी मला आलं.

आम्हाला लाकडाच्या व्यापाऱ्याच्या एका जुन्या बंगल्यात ठेवलं. पळणार नाही असा साहेबांनी सगळ्यांच्या वतीने शब्द दिला, म्हणून बाजारापर्यंत फिरायची मोकळीक होती. जेठानंदने पहिल्या दिवशी विचारलं, "कॅम्प में रहने की आदत है ना?" मी म्हटलं, "भाई, मी कॅम्पाच्या शेजारीच वाढलो." तो हसला, पण थोडंच. त्याचं सगळं कुटुंब एका कॅम्पातून दुसऱ्या कॅम्पात गेलेलं.

जेवायला भात आणि आंबवलेल्या मासळीचा गोळा. सुकट-बोंबलावर वाढलेला माणूस मी, मला घरी आल्यासारखं वाटलं. सुब्बूसाहेब मात्र वास आला की बागेत जाऊन उभे राहायचे. त्यांना मी विचारलं, "साहेब, भूक नाही?" ते म्हणाले, "बाळाराम, तू तीन पिना मोज्यात ठेवू शकलास, एक लोणच्याची बरणी ठेवली असतीस तर मी तुझी पूजा केली असती."

कोणी मला शिवी दिली नाही. तेच वाईट होतं. बलबीर सकाळी उठून गंभीर तोंडाने विचारायचा, "बाळाराम, आज मेजरसाब को और क्या दिखाना है?" व्हॉलीबॉल खेळताना चेंडू बाहेर गेला की सगळे ओरडायचे, "पिन काढली नाही." मी हसायचो. पण रात्री मोठे साहेब खाटेवर बसून आपल्या लहान मुलीचा फोटो बघायचे आणि तो मला दिसू नये म्हणून पाठ फिरवायचे. तेव्हा मी भिंतीकडे तोंड करायचो.

लढाई संपली. रेडिओवर ऐकलं. पण वरून हुकूम येईना. पौष गेला, माघ लागला.

एक दिवस मेजर जेठानंदला घेऊन आला आणि मला व्हरांड्यात बोलावलं. मोठे साहेब आधीच तिथे बसले होते. जेठानंद म्हणाला, "सुनो साईं, खुशखबर. तुम्हारे साहब ने कागद में दिखाया है कि तुम्हारी नोकरी 'न लढणारे' में है. मेजरसाब बोलते हैं, न लढनेवाले को रोकने का कायदा नहीं. परसों गाडी जा रही है. तुम जाओ, शादी करो."

मी साहेबांकडे बघितलं.

"जा बाळाराम," साहेब म्हणाले. "मीच सांगितलं त्यांना. आणि ह्या वेळी मोजे उचकू नकोस."

"बाकीचे, साहेब?"

"बाकीच्यांचं येईल तेव्हा येईल."

"मग माझंही येईल तेव्हा येईल."

"वेडा आहेस का? तुझं लग्न आहे."

"हो ना. पण मी गेलो आणि तुम्ही राहिलात, तर लग्नात मी कुठल्या तोंडाने उभा राहू?"

मी जेठानंदला लावलं मेजरला सांगायला की तो कागद चुकीचा आहे, मी लढणारा आहे, हवं तर पिना परत बघा, त्यांच्याच टेबलाच्या खणात आहेत. मेजरने हात जोडले. बलबीरला कळलं तेव्हा तो म्हणाला, "तेरे दिमाग की पिन कभी लगी ही नहीं थी." आणि त्या दिवसापासून त्याने मला रोजचा तो प्रश्न विचारणं बंद केलं.

ह्यातून जे झालं ते जेठानंदच्या चांगुलपणाने झालं. त्याने स्वतःच्या खर्चाने उल्हासनगरला भावाला कळवलं. भाऊ मिठाईचा पुडा घेऊन आमच्या घरी कुळगावला गेला. आईने त्याला अंबरनाथला मामांकडे नेलं. भाऊ खुर्चीवर बसला आणि मोठ्या अभिमानाने बोलला, "आपका जमाई शेर है. उसको घर भेज रहे थे, उसने मना कर दिया. बोला, नहीं जाऊंगा."

अभिमान फक्त त्याच्या एकट्याच्या तोंडावर होता. मामांनी मिठाईचा पुडा न उघडता परत दिला.

माघातली तिथी गेली. चैत्राच्या तोंडाशी आमचा हुकूम आला. सगळे एकत्र सुटलो, एकाच गाडीने निघालो. निघताना मेजरने मला पिना परत दिल्या, कागदात गुंडाळून. मी त्या साहेबांच्या हातात दिल्या. साहेबांनी त्या खिशात टाकल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

कुळगावात पाय ठेवला तर आईने पाणी द्यायच्या आधी सांगितलं, "मामांनी नकार कळवलाय. ज्याला घरी यायला मिळत होतं आणि आला नाही, त्याच्या घरी पोर द्यायची नाही म्हणतात." मी तसाच उलट्या पावली अंबरनाथला.

मामा ओट्यावर बसून सुरीला धार लावत होते. बस म्हणाले नाहीत. मी उभा. हिरा दाराच्या चौकटीत येऊन थांबली. तिच्याशी मी त्याआधी एकूण चार वाक्यं बोललो असेन, त्यातली दोन पोह्यांबद्दल.

"तुम्हाला घरी पाठवत होते, हे खरं?" तिने विचारलं.

"खरं."

"आणि तुम्ही नाही म्हणालात."

"हो."

"का?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं. गाडीत बसून घोकलेलं. देश, इमान, लढणारा माणूस, असं बरंच. मामांची सुरी दगडावर सरसर चालली होती. ते सगळं मी गिळलं. मग मी जे झालं ते सांगितलं. ब्लँकेटं, कुली, मोजा, पिना, मेजरची सर्दी. साहेबांच्या मुलीचा फोटो. सगळे माझ्यापायी अडकले होते, त्यांना तिथे ठेवून एकट्याने मांडवात उभं राहवलं नसतं, एवढंच.

"लढत नव्हतो," मी म्हटलं. "ढकलायचो. साखरपुड्याला खोटं बोललो."

हिरा चौकटीतून एक पाऊल पुढे आली. मग म्हणाली, "त्या पिना टाकल्या का नाहीत ओढ्यात? सगळ्यांनी टाकल्या ना?"

"तुला दाखवायच्या होत्या."

"म्हणजे एवढी सगळी माणसं माझ्यामुळे अडकली."

"तसं नाही..."

"तसंच आहे. आबा, ऐकलंत का? पायलटसाहेबाची पोर तिकडे बापाची वाट बघत होती, ती माझ्यामुळे. आता लग्न नाही केलं तर त्या लोकांना काय सांगायचं, फुकट अडकलात?"

तिच्या तोंडावर हसू होतं की नव्हतं ते मला आजही सांगता येत नाही. ती म्हणते नव्हतं.

सुरी थांबली. मामांनी पहिल्यांदा माझ्याकडे मान वर करून बघितलं.

"बॉम्ब केवढ्या वजनाचा?"

"भाताची पाच पोती, मामा. थोडा जास्तच."

"आणि दोघांनी ढकलायचा?"

"दोघांनी."

"रोलरला वंगण काय घालत होता?"

"काही नाही. वर थंडीत वंगण गोठतं. रोलर जॅम होतो. कोरडाच चालवायचा, फक्त आधी फडक्याने पुसायचा."

मामांनी सुरी बाजूला ठेवली. अंगठ्याने धार बघितली, जरा विचार केला. "कोरडा," ते स्वतःशीच म्हणाले. "बरोबर आहे." मग आत बघून म्हणाले, "हिरे, चहा टाक."

लग्नाचं बोलणं त्या दिवशी झालंच नाही. रोलरचं झालं. बेअरिंग कुठलं, फळी सागाची की देवदारची, पोलाद थंडीत ठिसूळ होतं का, असं दिवेलागणीपर्यंत. मी निघालो तेव्हा मामा फाटकापर्यंत आले आणि दुसरीकडे बघत म्हणाले, "गुरुवारी मला सुट्टी असते. आईला घेऊन ये. तिथी बघायला जाऊ."